लिस्बनची लेव्हल

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सहलीचं नियोजन करू देऊ नये, असा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झाला आहे. ठराव साडूंनी मांडला, अनुमोदन मेहुणीने दिलं आणि आभारप्रदर्शन हिने केलं. विरोधात एक मत पडलं होतं, पण ते माझंच असल्यामुळे कुणी मोजलं नाही.

वास्तविक सहल छोटीशीच होती. एकच शहर, लिस्बन. नऊ रात्रींत सात देश उरकून आलेले लोक आमच्या सोसायटीत आहेत. व्हिएन्ना कुठलं आणि झुरिक कुठलं, हे त्यांना फोटोतल्या स्वेटरवरून आठवावं लागतं. आपण एकच गाव धरायचं आणि ते नीट बघायचं, हा माझा आग्रह. आता लिस्बनच का, याला ज्याचं त्याचं कारण होतं. साडू बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे पॅरिसपेक्षा लिस्बन स्वस्त पडतं एवढं त्यांना पुरलं. मेहुणीला पिवळ्या ट्रामसमोर उभं राहून फोटो काढायचा होता. हिने फक्त "तिथे थंडी नाही ना फार?" एवढं विचारून घेतलं.

मी चारचौघांत नारोशंकराच्या घंटेचं कारण सांगत असे. आम्ही नाशिकचे. गोदाकाठची ती घंटा लहानपणापासून बघत आलो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती पोर्तुगीज घंटा आमच्या गावी आली. ज्यांच्या घंटा उचलून आणल्या त्यांचं घर एकदा बघून यावं, असं मी म्हटलं की ऐकणारे मान डोलवायचे.

खरं कारण निराळं होतं. लिस्बनला एक जलसेतू आहे, आग्वाश लिव्रेश नावाचा. १७३१ साली काम काढलं, १७४८ ला शहरात पाणी आलं, आणि सात वर्षांनी झालेल्या भूकंपात निम्मं लिस्बन पडलं तरी हा पठ्ठ्या उभाच राहिला. अल्कांतारा खोऱ्यावरून तो ९४१ मीटर जातो, ३५ कमानींवर, त्यातली सर्वात उंच ६५ मीटर. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उताराने पाणी. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कालवे आखले त्याच्या दृष्टीने ही काशीयात्राच. पण हे कारण घरात सांगायची सोय नव्हती. म्हणून तिसऱ्या दिवशी 'सकाळी ९.३० ते ११.१५, इतर' अशी एक गुळगुळीत नोंद मी करून ठेवली.

नियोजन मी खात्याच्या शिस्तीत केलं. एक्सेलमध्ये रकाने पाडले : स्थळ, अंतर (मीटर), पायी लागणारा वेळ, तिकीट, शेरा. या आराखड्याला प्रशासकीय मान्यता देणं हिच्याकडे आणि वित्त साडूंकडे. मान्यता मिळाली ती नेहमीप्रमाणे दुरुस्त्यांसह. मेहुणीला एक संध्याकाळ 'नुसतं फिरायला' हवी होती, ती घातली. हिला दुपारची झोप हवी होती, ती घातली. असं करता करता आराखड्याची सुप्रमा झाली, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि मग सुप्रमाची सुप्रमा. आमच्या खात्यात धरणं अशीच वाढतात. शेवटच्या फेरीत हिने चष्मा पुढे ओढून 'इतर' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे कॅनॉल?" ती म्हणाली. "अहो, लग्नानंतर मला महाबळेश्वर म्हणून नेलंत ते धरणाच्या साइटवर. आता सातासमुद्रापार जाऊनही कॅनॉलच?" आणि लाल पेनाने तिने ती ओळ खोडली. बाजूला आद्याक्षरीही केली. ही सवय तिला माझ्यामुळेच लागली.

असो. बाकी आराखडा मी इतका पक्का केला की बोट ठेवायला जागा नव्हती. जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो, म्हणून सोमवार मोकळा सोडला. १३ जूनला संत अंतोनिओची सुट्टी, म्हणून तो आठवडाच टाळला. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोंचा विमा लागतो, तो कुठे काढायचा, बँकेच्या उताऱ्यावर शिक्का कुठे हवा, सगळं झालं. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने माझा दिवसवार कार्यक्रम हातात घेतला, उलटून बघितला, पुन्हा उलटला आणि म्हणाली, "काका, एक पान चालतं." मी ते कौतुक समजलो.

राहायची जागा माझी सर्वात मोठी कमाई होती. हॉटेलाऐवजी अल्फामा या जुन्या मोहल्ल्यात एक घर भाड्याने घेतलं. तिथून किल्ला ३५० मीटर, नदी ३०० मीटर आणि ट्रामचा थांबा २०० मीटर. तिन्ही आकडे मी स्वतः नकाशावर पट्टी लावून काढले होते आणि सांगायला अभिमान वाटतो की तिन्ही बरोबर निघाले. फक्त किल्ला वर होता, नदी खाली होती आणि ट्राम यांच्या मधोमध कड्यावर कुठेतरी होती.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलेलं आहे. हे वाक्य मी प्रत्येक माहितीपत्रकात वाचलं होतं. मोठ्याने वाचून दाखवलंही होतं. सगळी हयात माझी लेव्हल घेण्यात गेली. डंपीला डोळा लावायचा, समोर खलाशी स्टाफ धरून उभा, बॅक साइट, फोर साइट, आर.एल. काढ, कंटूर टाक. नाशिकला तर पुराची पातळीसुद्धा आम्ही दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो : कमरेला लागलं, छातीला लागलं. असल्या गावच्या असल्या माणसाने लिस्बनचा नकाशा सपाट कागदासारखा वाचला. कागद सपाटच होता म्हणा. मोबाइलमध्ये चढ-उतार दाखवतात म्हणे, पण मोबाइलवर विश्वास नको म्हणून मी ए-थ्रीवर प्रिंट घेऊन लॅमिनेट केली होती.

विमानतळ गावातच आहे, त्यामुळे टॅक्सीने फार वेळ लागला नाही. एका छोट्या चौकात टॅक्सीवाला थांबला, बॅगा उतरवल्या आणि हात वर केला. मला वाटलं निरोप घेतोय, म्हणून मीही हात वर केला. त्याने पुन्हा वर दाखवलं. बघतो तर घरांच्या दोन रांगांमधून एक जिना चढत गेला होता. वळला, पुन्हा चढला आणि वाळत घातलेल्या चादरींमागे दिसेनासा झाला.

"पत्ता तिथे आहे," साडू म्हणाले. बँकेतला माणूस, वाईट बातमी शांतपणे देतो.

अल्फामातल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. चाकांच्या बॅगा शिरतात, पण तिथली फरसबंदी बोटभर लांबीच्या चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांची. शेकडो वर्षांच्या पावलांनी त्यांना अशी झिलई आली आहे की त्यांवर बूट टिकत नाही आणि चाक मात्र दर तुकड्याला अडतं. आमच्या चार बॅगांचा गडगडाट ऐकून खिडक्या उघडल्या. मेहुणीच्या बॅगेत दशम्या, मेतकूट, चटण्यांचे डबे आणि 'लागलं तर असू दे' म्हणून घेतलेला छोटा कुकर होता. पहिल्या वळणावर त्या बॅगेचं एक चाक निघालं. ते आधी जागच्या जागी फिरलं, मग विचार करून एक पायरी उतरलं, मग पुढची, आणि मग त्याला गती आली. आम्ही चौघंही काही न करता त्याच्याकडे बघत उभे. खाली दारात स्टूल टाकून बसलेल्या एका आजीबाईंनी, बसल्या जागेवरून न उठता, सपाता घातलेला पाय पुढे करून ते अडवलं.

आजीबाई दारात जिंजिन्या विकत होत्या. आंबट चेरीचं मद्य, औषधाच्या मापाएवढ्या पेल्यात. साडू चाक आणायला खाली उतरले ते बराच वेळ वर येईनात. आले ते प्रसन्न. "सर्दीला चांगलं आहे म्हणतात," ते म्हणाले. त्या आजींना इंग्रजी येत नव्हतं आणि साडूंना पोर्तुगीज, त्यामुळे 'म्हणतात' कोण, ते मी विचारलं नाही. सहलभर त्यांना रोज संध्याकाळी त्या वळणावर सर्दीची शंका येत असे.

घर चौथ्या मजल्यावर होतं. जाहिरातीत 'मूळ लाकडी जिना' असं लिहिलेलं मी वाचलं होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ऐतिहासिक' अशी नोंद केली होती.

पहिल्या सकाळी आराखड्याप्रमाणे किल्ला. साँव जॉर्जचा किल्ला समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या वर आहे आणि आम्ही त्याच्या पायथ्याच्या बाजूला. मी ३५० मीटरला सहा मिनिटं धरली होती. आमच्याकडे मुख्य कालव्याला पाच हजारात एक असा उतार देतात, म्हणजे पाच किलोमीटरला एक मीटर. माणसाने कालव्याच्या कडेने आयुष्यभर चालावं आणि त्याला श्वास म्हणजे काय ते कळू नये. इथे ही उपसा सिंचन योजना निघाली, आणि पंप साठीच्या पुढचे. अर्ध्या तासानंतर हिने एका पायरीवर बैठक मारली आणि विचारलं, "अहो, सहा मिनिटं झाली का?"

किल्ल्यावर पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाची वेळ व्हायची तेवढी राहिली होती. वर तटावरून तेजू नदी, लाल कौलं, लांबलचक झुलता पूल, सगळं फार सुंदर दिसतं, पण आमचा ग्रुप-फोटो बघितला तर चौघेही कसल्यातरी मिरवणुकीतून सुटका झाल्यासारखे दिसतो. तिथे मोर आहेत. खरेखुरे, निळ्या मानेचे, मोकळे फिरणारे. एक भिंतीवर चढून ओरडला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, मोर बघायला आम्ही नांदूरमध्यमेश्वरला आलो असतो." तिकडे मोर नव्हे, पाणपक्षी असतात, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण दम नव्हता.

उतरताना गुडघे बोलायला लागले. खाली बायशा हा सखल भाग आहे, सपाट, सरळ रस्त्यांचा. तिथे पोचल्यावर मी पुन्हा माणसात आलो आणि माहिती द्यायला लागलो. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक सकाळी चर्चमध्ये, आणि भूकंप झाला. मागोमाग नदीतून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग दिवसचे दिवस आग. मंत्री मार्केस द पोंबाल यांनी हा सगळा भाग नव्याने आखून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे घातले, म्हणजे जमीन हलली तर घर डुलेल पण पडणार नाही. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि चाचणी घेतली असं सांगतात. आमच्याकडे असली चाचणी उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांच्या ताफ्याने होते. "आणि याचे मुख्य अभियंते," मी आवाज चढवला, "मानुएल द माया. जलसेतूवरही यांनीच काम केलेलं. भूकंप झाला तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर!"

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी गाव उभं केलं," ही म्हणाली, "आणि तुम्हाला काल एक बॅग वर नेता आली नाही."

पुढे रॉसिओचा चौक लागला. लिस्बनमधल्या मोजक्या सपाट जागांपैकी ही एक. पण तिथल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात काळ्या-पांढऱ्या दगडांनी जमिनीवर अशा लाटा काढून ठेवल्या आहेत की सगळा चौक वरखाली होतोय असं वाटतं. सकाळपासून पायऱ्या चढून ही इतकी धास्तावली होती की तिने पहिल्या लाटेवर पाय उचलून टाकला. मी म्हटलं, सपाट आहे. ती म्हणाली, "तुमच्या सपाटवर आता माझा विश्वास नाही," आणि साडूंचा हात धरून चौक ओलांडला.

इथून सहलीची सूत्रं माझ्या हातून गेली, फक्त मला ते कळायला वेळ लागला. झालं असं की परत वर घरी जायचं होतं आणि मी प्रिंटमध्ये कमी पायऱ्यांचा रस्ता शोधत होतो. ही कोपऱ्यावर उभी राहून येणारी-जाणारी माणसं बघत होती. एक ठेंगण्या, जाड आजीबाई, हातात भाजीची पिशवी, एका दुकानवजा इमारतीच्या दारातून आत गेल्या. "चला," ही म्हणाली.

"तिथे कुठे? कुणाचं तरी घर असेल."

"ती बाई माझ्याहून वयाने मोठी आहे, पिशवीत दोन कोबी आहेत, आणि ती टेकडीच्या बाजूला निघाली आहे. ती चढून जाणार नाही."

आत लिफ्ट होती. महापालिकेची, फुकट. वरच्या रस्त्याला बाहेर पडलो. आजीबाई पुढे, आम्ही चौघं पाच पावलं मागे. त्या रस्ता ओलांडून एका सुपरमार्केटच्या इमारतीत शिरल्या. तिथे आणखी एक लिफ्ट. ती सुटली ते थेट किल्ल्याच्या खालच्या रस्त्यावर. सकाळी ज्या उंचीसाठी आम्ही रक्त आटवलं ती आजीबाई कोबी घेऊन रोज चढतात आणि त्यांना घाम येत नाही. बाहेर पडताना त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. मी नमस्कार केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, छातीशी धरली आणि झपझप निघून गेल्या.

त्यानंतर आराखडा कुणी उघडला नाही. हिची पद्धत सुरू झाली : भाजीची पिशवी शोधायची आणि मागे जायचं. या पद्धतीने आम्हाला शियादुला जायचे सरकते जिनेही सापडले. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनच्या खालच्या तोंडातून शिरायचं, एकावर एक लांबलचक जिने पकडायचे आणि गाडीत न बसता वरच्या तोंडातून बाहेर. मी मात्र सांता जुस्ताच्या लिफ्टसमोर रांग लावायची तरतूद केली होती. ती ४५ मीटरची लोखंडी लिफ्ट १९०२ सालची आहे, दिसते देखणी आणि रांगेत निम्मं जग असतं. वर जाऊन आम्ही त्या रांगेकडे वरून बघितलं. साडूंनी वाचलेले पैसे वहीत वेगळ्या रकान्यात लिहिले.

ट्रामचा कार्यक्रम तेवढा टाळता येईना, कारण मेहुणी त्याच्यासाठीच आली होती. अठ्ठावीस नंबरची ट्राम मार्तिम मोनिझहून निघते. १९३० च्या दशकातल्या लाकडी बाकांच्या गाड्या, दहाला एकापेक्षाही कडक चढ त्या करकरत चढतात, आणि गल्ली इतकी अरुंद की चालत्या लोकांना दारात शिरून वाट द्यावी लागते. आत पाकीटमारांपासून सावध राहा अशा पाट्या. साडूंनी सगळे युरो सदऱ्याच्या आत कापडी पाकिटात ठेवले होते. ते गाडीत शिरल्यापासून दोन्ही हात पोटावर घट्ट धरून, डोळे मिटून उभे. एका तरुणाने त्यांच्याकडे बघितलं, काळजीने काहीतरी विचारलं आणि आपली जागा दिली. त्याच्या मैत्रिणीने पाण्याची बाटली पुढे केली. साडूंनी कण्हत दोन्हींचा स्वीकार केला. मेहुणी म्हणाली, "हे घरी कधी एवढे शांत बसत नाहीत."

शियादुला उतरायचं होतं. पण दाराच्या आणि आमच्या मध्ये पन्नासेक माणसं आणि त्यांच्या पाठपिशव्या. शियादु गेलं. एश्त्रेलाचं पांढरं चर्च आलं आणि गेलं. मग गाडी थांबली, चालकाने उठून सगळ्यांना उतरायची खूण केली. शेवटचा थांबा. उतरलो तर समोर मोठं दगडी प्रवेशद्वार, आत सुरूची झाडं आणि ओळीने छोटी छोटी घरं. दफनभूमी. प्रझेरिशची दफनभूमी म्हणजे अठ्ठावीस नंबरचं टोक. साडूंनी पोटावरचे हात काढले आणि माझ्या आराखड्यात त्या तासाला काय लिहिलंय ते मोठ्याने वाचलं : "थोडी विश्रांती."

जेवणाबाबत फार सांगत नाही, कारण तो विषय घरात अजून नाजूक आहे. लिस्बनच्या हॉटेलात बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. आम्ही पहिल्या दिवशी या पाहुणचाराने भारावलो आणि ताट पुसून खाल्लं. बिलात त्याचा एकेक पैसा होता. नको असेल तर हात लावायचा नाही, परत पाठवायचं, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवसापासून वेटर पाव घेऊन निघाला की साडू लांबूनच दोन्ही हात हलवून त्याला थोपवायचे. आसपासची माणसं वाकून बघायची. हिच्यासाठी मी हिरव्या पाल्याचं बटाटा घातलेलं काल्दु व्हेर्द हे सूप शोधून ठेवलं होतं. आमच्याकडच्या गरगट्यासारखं, शंभर टक्के शाकाहारी, असा माझा शेरा. सुपात मधोमध लाल गोल चकती तरंगत होती. "गाजर घातलंय," ही खूश होऊन म्हणाली. ते गाजर नव्हतं. ते डुकराचं सॉसेज आहे हे मला तिने चमचा उचलल्यावर आठवलं. त्या रात्री मेहुणीचा कुकर निघाला आणि वरच्या मजल्यावर शिट्या झाल्या. खालची बाई घाबरून वर आली, खिचडी खाऊन खाली गेली.

बेलेंला मात्र सगळं आराखड्याप्रमाणे पार पडलं. तो भाग नदीकाठी, सपाट. सपाट जमिनीवर माझं नियोजन चालतं, हे मी तिथे दोन-तीनदा बोलून दाखवलं. जेरोनिमुशच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे, हात जोडून आडवा पडलेला. हा मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला तो आफ्रिका आणि हिंदुस्थानच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराच्या पैशातून. मिरी उतरली की पाच टक्के मठाला. साडू समाधीसमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं इतिहासाने गलबलले. "पाच टक्क्यांत एवढं," ते म्हणाले, "म्हणजे उरलेल्या पंच्याण्णवाचं काय केलं असेल?" पुढे नदीवर शोधप्रवाशांचं उंच स्मारक आहे, त्यात अल्बुकर्क आहे, संत फ्रान्सिस झेवियर आहे. आमचा चिमाजी अप्पा नाही, हे साहजिकच, पण मी शोधला.

मठाशेजारच्या दुकानात १८३७ पासून पाश्तेल मिळतात. खुसखुशीत पापुद्र्यांची वाटी, आत करपट डाग पडलेलं पिवळं कस्टर्ड, वर दालचिनीची पूड. गरम गरम. मेहुणीने बशी रिकामी करून विचारलं, "भावोजी, यात अंडं नाही ना?" पिवळेपणा बलकाचाच होता. मी घड्याळ बघितलं आणि आराखड्याप्रमाणे निघायची वेळ झाली असं जाहीर केलं. माझ्या वेळापत्रकाचा तेवढा एकच उपयोग झाला.

शेवटच्या दिवशी विमानाला वेळ होता. बॅगा खाली आणून आजीबाईंच्या दारात ठेवल्या होत्या. साडूंची सर्दी बघून झाली होती. मेहुणी म्हणाली, "भावोजींचं ते काहीतरी राहिलंय ना? तो पूल?" हिने माझ्याकडे बघितलं. सहलभर मी पडेल ते ऐकून घेतलं होतं, त्याचं तिला काहीतरी वाटलं असावं. "जाऊ या," ती म्हणाली, "पण टॅक्सी पार दारात जाणार असेल तर."

टॅक्सी दारात गेली. कंपोलीदच्या उतारावरून आत शिरायचं एक लहानसं फाटक आहे, तिकीट काढायचं आणि थेट सेतूवर. १९६० च्या दशकापर्यंत यातून पाणी जात होतं. आता कोरडा आहे. मधे दगडी भिंतींची पाण्याची वाट, तिच्या कडेने अरुंद पायवाट, आणि खाली खोल खोरं, त्यात हमरस्ता, आगगाडीचे रूळ, काडेपेटीएवढे ट्रक. साडूंनी वाचून ठेवलं होतं की १८३० च्या दशकात डिओगु आल्व्हेश नावाचा दरोडेखोर इथे लोकांना लुटून वरून ढकलून देत असे असं सांगतात, आणि त्याला फाशी दिल्यावर त्याचं मुंडकं बरणीत घालून ठेवलं, ते अजून लिस्बनच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे. मेहुणीने हे ऐकून त्यांच्या पाकिटाची बाजू बदलून घेतली.

मी दगडाला हात लावला. सांधे बघितले. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे बघितलं, मग खिशातला मोबाइल काढून दगडावर आडवा ठेवला. त्यात लेव्हलचं अॅप आहे. बुडबुडा जवळजवळ मध्यावर. पावणेतीनशे वर्षं झाली!

ही तोवर पुढे गेली होती. हात मागे बांधून, गुडघ्याला हात न लावता, वाऱ्यावर पदर सोडून, खालच्या मोटारींकडे बघत झपाझप चालली होती. मधल्या उंच कमानीवर थांबली आणि मी पोचेपर्यंत चक्क कठड्याला टेकून उभी राहिली.

"एवढ्या उंचावर, आणि कुठे म्हणून चढ नाही," ती म्हणाली. "सगळ्या लिस्बनमध्ये चालण्यासारखी जागा ही एकच. आणि ही यादीतून काढली कुणी?"

आद्याक्षरी केलेला कागद माझ्या पाठपिशवीत, लॅमिनेट केलेल्या नकाशाच्या मागे होता. मी नकाशा काढला, त्याचा वारा घेतला आणि परत आत ठेवला.

"साडूंनी," मी म्हटलं.